मुद्देमाल ढवळो

ढवळ्याला सरकारने जप्त केलं ते ऐन दिवाळीच्या पाडव्याला. गळ्यात झेंडूची माळ आणि पोटात भाग्यलक्ष्मीबाईंच्या घरचे तांदळाचे पोळे असताना. बातमी गोव्यातल्या धारगळच्या वाड्यावर घरोघर फिरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्यात तिचं खापर बाईंच्या डोक्यावर फुटलं. बाईंना अजून वाईट वाटतं ते याचं, की खापर फोडणाऱ्यांचा नेम चुकला नव्हता.

ढवळो म्हणजे शिवदासचा बैल. पांढरा, थोराड आणि आता म्हातारा. त्याचा जोडीदार पवळो गेला तेव्हापासून नांगर माळ्यावर आणि ढवळो फणसाला बांधलेला, कधीमधी लाकडं ओढण्यापुरता सुटे. शिवदासचं घर बाईंच्या घराला लागून. मधे कुंपणाची वई, आणि वईत माणूस वाकून जाईल एवढी वाट. ही वाट बाईंच्या सासूच्या काळापासूनची. तिला कधी बेडं की फाटक नव्हतं, कारण ती बंद करावी लागेल असं दोन्ही घरांत कुणाच्या मनातच आलं नव्हतं. त्या वाटेने बाईंची घावनं तिकडे जात, शिवदासची बायको गंगा हिचं भाज्यांचं खतखतं इकडे येई, आणि दिवेलागणीला खुद्द शिवदास येऊन सोप्यावर बसे. बाईंचे यजमान गेल्यापासून त्याने हा नेम कधी चुकवला नव्हता. चहा पिता पिता बाई त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत आणि शिवदास त्या ऐकत नसे. या कार्यक्रमाची दोघांनाही इतकी सवय झाली होती, की यालाच मैत्री म्हणतात हे दोघांच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

बाई मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गाव आपल्या बोलीत बोलायचं, पण बाई बाजारातसुद्धा पुस्तकी मराठी सोडत नसत. "हे बांगडे आजचे आहेत का?" असं बाईंनी खणखणीत विचारलं की मासे विकणारी बाई गडबडून खरं बोलून जायची. शिवदास याच्या उलट. तो शिव्यांशिवाय बोलत नसे. पण त्याचाही एक शिष्टाचार होता. तिऱ्हाइताशी तो अगदी अदबीने बोले. शिव्या फक्त आपल्या माणसांना. त्यांतल्या सर्वांत निवडक ढवळ्याच्या वाट्याला येत. सकाळी पाण्याची बादली पुढे ठेवून शिवदास सुरू करी, "मेल्या, वाघान खाल्लल्या..." आणि पुढे बैलाच्या आईसंबंधी काही माहिती असे, जी इथे देता येत नाही. ती संपल्याशिवाय ढवळो पाण्याला तोंड लावत नसे. बाई त्या वेळी त्या बाजूच्या खिडकीचं जनेल लावून घेत.

त्या दिवाळीला बाईंची नात तनया पणजीहून आली ती कायदा घेऊनच. ती आणि तिचा वर्गमित्र रुद्रेश वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजच्या विधी साहाय्य मंडळाने ठरवलं होतं, की मुलांनी एकेक प्रकरण हाती घ्यायचं, कुणाकडून पै घ्यायची नाही आणि शेवटपर्यंत लढायचं. यांच्या गटाच्या वाट्याला प्राणी आले होते.

"आजी, आम्हाला एक केस हवी," तनया म्हणाली.

"कसली?"

"अन्याय झालेला प्राणी."

पेडण्यासारख्या तालुक्यात ही गोष्ट अवघड नसावी असं त्यांना वाटलं होतं. हळर्णेच्या किल्ल्यावर उपाशी कुत्री असतात असं ऐकून ते गेले, तर कुत्र्यांनी आधी त्यांचेच डबे तपासले. हमरस्त्याच्या दुभाजकावर गाई रवंथ करत बसल्या होत्या; त्यांना वाचवायला धावलेल्या रुद्रेशला एका ट्रकवाल्याने वाचवलं. तोवर वाड्यावर बोभाटा झाला होता आणि सल्ले यायला लागले होते. दुकानवाली तारा म्हणाली, "माकडांर केस घाला गो बाय. माडाक एक नारळ ठेवक नाय."

"काकी, माकड हा प्राणी आहे," रुद्रेशने समजावलं. "आम्ही प्राण्यांच्या बाजूने आहोत."

"मगे आमच्या बाजून कोण?" तारा म्हणाली.

मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले दत्ताराम म्हणाले, "केस खंयचीय घाला, पण शाण्या माणसान कोर्टाची पायरी चढू नये."

दोन्ही मुलं हिरमुसून सोप्यावर बसली. आणि इथे बाईंच्या तोंडून ते वाक्य गेलं. पोळ्यांचं पीठ ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "लांब कशाला जाता? शेजारच्या बैलाच्या खांद्यावर बघा केवढी जखम झालीय ती. तसल्या खांद्याने लाकडं ओढायला लावतो. डॉक्टर आण म्हणून मी सांगून थकले."

बाईंचा हिशेब साधा होता. शिवदास आपलं ऐकत नाही. कायदा शिकलेली दोन मुलं जाऊन चार शब्द इंग्रजीतून बोलली तर कदाचित ऐकेल. मुकाट्याने डॉक्टर आणेल आणि संध्याकाळी चहाला आला की आपल्याला 'बघ, मी म्हणत नव्हते?' असं म्हणता येईल. उभ्या आयुष्यात हे वाक्य शिवदासला म्हणायची संधी त्यांना एकदाही मिळाली नव्हती.

मुलं वाकून वईतून पलीकडे गेली. बाईंना फक्त शिवदासचा आवाज ऐकू आला. "माका कायदो शिकयतस? तुज्यापेक्षा माज्या नांगराचां वय जास्ती असा! माजो बैल. मी तेका गाळी घालीन नायतर आरती ओवाळीन!"

मुलं परत आली तेव्हा रुद्रेशचे कान लाल झाले होते आणि फोनमध्ये खांद्याचे फोटो होते. बाई हसल्या. शिव्या दिल्या म्हणजे शिवदासने मुलांना आपलं मानलं, असा त्यांनी अर्थ लावला. रुद्रेशने वेगळा लावला. त्याने तिथेच बसून फोटोंसकट पोलिसांकडे तक्रार पाठवून दिली.

पाडव्याचा दिवस गुरांचा. शिवदासने ढवळ्याला घासूनपुसून न्हाऊ घातलं. गंगाने नारळाची करवंटी कावेत बुडवून त्याच्या दोन्ही कुशींवर तांबडे गोल ठसे उठवले. शिंगं रंगवली, झेंडूची माळ घातली, माळेत बाईंनी पाठवलेले पोळे ओवले. त्यातला एक ढवळ्याने आरती व्हायच्या आधीच मान वळवून खाल्ला, म्हणून शिवदास त्याला यथासांग शिव्या देत होता. तेवढ्यात दारात जीप उभी राहिली.

उतरला महादेव हवालदार. बाईंचाच विद्यार्थी, शाळेत असताना शुद्धलेखनात कायमचा नापास. "बाई, वरसून ऑर्डर इली," तो पायाकडे बघत म्हणाला. "मी काय करू?"

पंचनाम्याला पंच हवे होते. इतका वेळ कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. दत्तारामांना तर पित्त झालं. शेवटी समोरच्या बांधकामावरचा केरबा गवंडी आणि त्याचा जोडीदार, दोघे कोल्हापूरकडचे, त्यांना उभं केलं.

"बैलाची ओळख पटवायची खूण सांगा," महादेव म्हणाला.

केरबाने बैलाला एक फेरी मारली. "बैल हाय, पांढरा हाय, आन् नवरदेवागत नटल्याला हाय. आजून काय सांगू?"

महादेवने बैलाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि डोळ्यांना दिसलं ते इमानदारीने लिहिलं: अंगावर दोन्ही बाजूस तांबडे गोल ठसे. 'दोन्ही'तली वेलांटी चुकली होती. बाईंनी तेवढ्या गडबडीतही ती दुरुस्त करून घेतली. मजकुराकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही.

आता ढवळो शिवदासचा बैल राहिला नव्हता. तो मुद्देमाल झाला होता. मुद्देमाल ठेवायचा कुठे? डिचोलीकडच्या एका गोशाळेत फोन केला, तर खटल्यातलं जनावर आम्ही घेत नाही, म्हणाले. ठाण्याच्या आवारात आधीच जप्त केलेल्या मोटारसायकली होत्या, आणि त्या निदान चारा खात नव्हत्या. तेव्हा एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाने तात्पुरता ताबा घ्यावा, असं रुद्रेशनेच सुचवलं. 'प्रतिष्ठित' हा शब्द कानावर पडताच बाईंच्या हाताने आपोआप सही केली. आरोपीने जनावराच्या जवळ जायचं नाही, अशी अट होती.

महादेवने दावं धरलं. पण ढवळ्याला रस्ता दाखवायची गरज पडली नाही. इतकी वर्षं मालक ज्या वाटेने चहाला जाई, तिकडेच तो वळला, वईचे दोन दांडे मोडून बाईंच्या अंगणात आला आणि आंब्याखाली उभा राहिला. पलीकडे शिवदास मोकळा हात घेऊन तसाच उभा होता. गंगा वईपर्यंत आली.

"सांगूचां होतां तर माका सांगूचां होतां, बाई," ती म्हणाली. "माज्या घोवाक सांगान कधी कोणाचां भलां झालां?"

त्या संध्याकाळी सोप्यावर कुणी आलं नाही.

सुट्टी संपली, मुलं पणजीला गेली आणि कायदा बाईंच्या अंगणात शेण टाकत राहिला. त्याने पहिल्या दिवशी आबोली खाल्ली, दुसऱ्या दिवशी वाळत घातलेलं लुगडं चघळलं. गुरांचा डॉक्टर येऊन मलम देऊन गेला. ते बाई न चुकता लावत. अडचण पाण्याची होती. ढवळो पाणी पीत नव्हता. बाईंनी बादली घासली, पाण्यात गूळ घातला, पाठीवरून हात फिरवला. "पाणी पी हं बाळा," असं पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. ढवळ्याने त्यांच्याकडे, परक्या माणसाने उगाच सलगी करावी तसं पाहिलं. मग बाईंनी मनाचा हिय्या करून, जनेलं लावून घेऊन, आयुष्यातली सर्वांत कडक शिवी दिली. "गाढवा!" ढवळ्याने कान हलवला. त्याची पैदासच चुकीची सांगितल्यावर दुसरं काय होणार?

ऊन चढायला लागलं. तेवढ्यात वईपलीकडून आवाज आला. "मेल्या! वाघान खाल्लल्या! तुजां मढां बांदलां!" आणि पुढे ती आईची माहिती. ढवळ्याने मान खाली घातली आणि बादली रिकामी केली.

तेव्हापासून हा रोजचा परिपाठ झाला. बाई बादली ठेवून जरा लांब उभ्या राहत, आणि आरोपी अटीचा भंग न करता, वईच्या पलीकडून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या देई. नावं घेतली जात नसत. कोणती शिवी बैलासाठी आणि कोणती आपल्यासाठी हे बाईंना कळायला मार्ग नव्हता. 'म्हातारपणी अक्कल चराक गेली' हे त्यांनी स्वतःकडे घेतलं. गावाने सगळंच त्यांच्याकडे दिलं. तारा म्हणाली, "बाई, ऐकून कशाक घेतास?" दत्ताराम म्हणाले, दुसरी केस घाला. बाई मान ताठ ठेवून म्हणत, "तो बैलाशी बोलतो आहे." पण खरं सांगायचं तर, संध्याकाळी चहाचा पेला घेऊन एकट्या बसल्यावर त्यांना वाटे, त्यातल्या निम्म्या तरी आपल्याच असाव्यात. शिव्या देतो आहे तोवर सगळं संपलेलं नाही.

मग अवेळी पाऊस पडला आणि मुद्देमालाची ओळख धुऊन गेली. कोर्टाच्या तारखेच्या आधी तपासणीला महादेव आला. ढवळ्याला दोन्ही बाजूंनी बघून मटकन सोप्यावर बसला.

"बाई, ठशे खंय?"

"काव होती ती, महादेव. पावसात जाणारच."

"मगे हो बैल कागदार लिवल्लो न्हय! बैल बदलल्यात म्हणतले. माजी नोकरी जातली आणि तुमका समन्स."

बाईंनी तनयाला फोन लावला. ती म्हणाली, "आजी, मुद्देमालात फेरफार केला तर गुन्हा होतो."

"ठसे पुसले हा फेरफार, की पुन्हा उठवले तर फेरफार?"

पलीकडे तनयाने पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला. "हे आम्हाला पुढच्या सेमिस्टरला आहे," ती म्हणाली.

बाईंनी काव कालवली. पण त्यांच्या घरातली प्रत्येक वाटी लहान पडत होती नाहीतर मोठी. माप गंगाच्या करवंटीचं होतं. त्या वईशी गेल्या. "गंगा, ती पाडव्याची करवंटी..." एवढंच म्हणाल्या. गंगा आत गेली, करवंटी घेऊन आली आणि दोन्ही हातांनी वईवरून पुढे केली. एरवी या वाटेने काहीही आलं की त्यासोबत तासभर बोलणं येई. त्या दिवशी नुसती करवंटी आली. पुढे तारखा पडत गेल्या, आणि दर तारखेआधी बाई ठसे उठवत गेल्या. "बाईंगेर दर म्हयन्याक पाडवो," तारा गिऱ्हाइकांना सांगे.

शेवटी मुद्देमाल प्रत्यक्ष हजर करा, असा हुकूम झाला. ताज्या ठशांचा ढवळो टेम्पोतून तालुक्याच्या कोर्टासमोर उभा राहिला. तनया आणि रुद्रेश काळे कोट घालून आलेले. कोर्टाचा कारकून पंचनामा घेऊन खाली आला. टेम्पोला फळ्या होत्या, ठसे दिसेनात. "खाली उतरवा," तो म्हणाला. "खुणा जुळल्या की आजच निकाली निघेल. साहेबांनी तसं सांगितलंय."

ढवळो उतरेना. महादेवने ओढलं, चालकाने मागून ढकललं, रुद्रेशने गवत दाखवलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे सबंध धारगळात एका ढवळ्यानेच मनावर घेतलं होतं. आवारात माणसं जमली. वकील हसायला लागले.

काय केलं की तो उतरेल, हे तिथे दोघांना ठाऊक होतं. शिवदास भिंतीशी हात जोडून उभा होता. कोर्टाच्या दारात बैलाला शिवी दिली तर तीच पुराव्यात जाईल, असं त्याला वकिलाने बजावलं होतं. त्याने बाईंकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थेट पाहिलं. बाईंना ते पाहणं पुरतं कळलं. शब्द त्यांना तोंडपाठ होते. रोज सकाळी उजळणी होत होती. पण समोर पन्नास माणसं, त्यातली निम्मी त्यांनी शिकवलेली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "ह्या आमच्या बाई." बाईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ढवळ्या, खाली उतर बघू."

ढवळ्याने शेपटी हलवली. कारकुनाने घड्याळ पाहिलं. पुढची तारीख पडली, दीड महिन्यानंतरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिव्या ऐकू आल्या नाहीत. कोयत्याचा आवाज आला. बाई बाहेर आल्या तेव्हा शिवदास वईतल्या वाटेत चिवारीच्या बांबूचे दांडे रोवत होता. वर त्याने काजूच्या फांद्या आडव्या बांधल्या. काम झाल्यावर तो बाईंना म्हणाला, "नमस्कार, बाई." अगदी अदबीने.

मग ढवळ्याला पाणी पाजायला, मान खाली घालून, वईच्या पलीकडून गंगा त्याच शिव्या पुटपुटायची. तेवढ्यावर तो अर्धी बादली प्यायचा.

पुढच्या तारखेला शिवदासने खुणा जुळायची वाट पाहिली नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "गुन्हो कबूल." त्याला कंटाळा आला होता. साहेबांनी ताकीद दिली: बैलाला यापुढे जुंपू नये, वेळेवर औषध करावं आणि प्रेमाने वागवावं. ढवळो घरी गेला. या वेळी त्याला रस्त्यावरून लांबचा वळसा घालून न्यावं लागलं.

मुलांच्या प्रकल्पाला कॉलेजात पहिला क्रमांक मिळाला. रुद्रेश पेढे घेऊन आला. तनयाने वईकडे पाहिलं, काजूच्या सुकलेल्या फांद्यांकडे पाहिलं. "आजी," ती हळूच म्हणाली, "आपण जिंकलो ना?"

"हो गं," बाई म्हणाल्या. "खांद्याची जखम अगदी भरून आलीय त्याच्या." आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे बादलीची कडी वाजली. बाई जनेलाशी उभ्या राहिल्या. हल्ली त्या ते लावत नसत.

"अहो ढवळोराव," शिवदासचा आवाज आला, थेट पाठ्यपुस्तकातला, गावाला ऐकू जाईल असा. "पाणी प्राशन करता का? आपली काही तक्रार तर नाही ना?"

ढवळो पीत नव्हता. बाईंना ते न बघताही कळत होतं. गंगा म्हणाली, "पुरे आता. जनावर तानेन मरात." शिवदास म्हणाला, "प्रेमान वागव, असो हुकूम असा." पण त्याच्या आवाजातली चेष्टा ओसरली होती. पुन्हा एकदा त्याने हळू आवाजात विनवलं, "पाणी घ्या." त्याला आता दुसरं काही बोलायची भीतीच बसली असावी.

बाई पायरी उतरल्या. आबोलीच्या खुंटांवरून वईशी गेल्या. रस्त्यावर पाववाला पोदेर सायकल धरून उभा होता, तारा दुकान उघडत होती. बाईंनी ते पाहिलं. मग चिवारीच्या दांड्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मेल्या! वाघान खाल्लल्या! तुजां मढां बांदलां! पी पाणी!"

आणि पुढे ढवळ्याच्या आईविषयीही, एक शब्द न गाळता, बोलल्या.

पोदेराच्या हातून पाव पडला. मग वईपलीकडून पाणी ओढल्याचा आवाज यायला लागला. मोठा, सावकाश, बादलीच्या तळापर्यंत. बाई तशाच उभ्या राहिल्या. एक तरी शिवी इकडे यावी म्हणून त्यांनी कान लावला होता.

"आयक मरे," शिवदास बैलाला म्हणाला. "बाई सांगतत ता आयक."

त्याने रिकामी बादली उचलली. पावलं घरात गेली. बाईंचे हात अजून दांड्यांवर होते. दांडे पक्के रोवलेले होते. शिवदासच्या हाताचं काम, हलण्यासारखं नव्हतं.